झॅबिक्ससाठी मशीन घेताना: एका नागरी सहकारी बँकेचे प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आले ते एका कोटेशनच्या रूपात. दोन प्रोसेसर, मिळून ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, दहा हजार आरपीएमच्या सहा एसएएस डिस्क रेड-५ मध्ये, म्हणजे एक गेली तरी डेटा वाचेल अशा जोडलेल्या. वर एका ओळीत लिहिलेले: 'मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकरिता सर्व्हर, १ नग'. सोबत आयटी विभागप्रमुखांचा निरोप: "संचालक मंडळापुढे ठेवायच्या आधी एकदा नजर टाका. एवढे लागते का हो?"

बँक पश्चिम महाराष्ट्रातली. जिल्ह्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि २६ शाखा. त्यांतल्या दोन घाटातल्या गावांत, जिथे फायबर पोचलेली नाही आणि व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहाच्या छत्रीवर, काम चालते. मुख्य कार्यालयात २२ सर्व्हर, काही खरे, काही व्हर्च्युअल. सगळीकडचे मिळून २१० पीसी. आयटी विभागात चार माणसे, त्यांतला एक पूर्णवेळ सिस्टीम ॲडमिन.

सर्व्हर, स्विच, लाइना यांच्यावर सतत नजर ठेवून काही बिघडले की मेसेज पाठवणारे सॉफ्टवेअर म्हणून झॅबिक्स निवडले होते आणि त्या निवडीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. लाटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव याने १९९८ च्या सुमारास सुरू केलेले आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झालेले हे सॉफ्टवेअर लहान बँकांना, कारखान्यांना, कॉलेजांना परवडते, कारण परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण सॉफ्टवेअर फुकट म्हटले की मशीनही पडीकच बघितले जाते. इथेही तसेच झाले होते.

कोअर बँकिंगमधून काढलेला एक जुना टॉवर सर्व्हर कपाटाशेजारी उभा होता. आठ कोअर, १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन सॅटा डिस्क, एकीवर लिहिलेले दुसरीवर जसेच्या तसे जाईल अशा जोडलेल्या. ॲडमिनने त्यावर झॅबिक्स, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि वेबची बाजू असे तिन्ही एकत्र बसवले. प्रत्येक उपकरणाला तयार टेम्प्लेट, म्हणजे काय काय मोजायचे याची यादी, लावले. पीसींवरही एजंट, म्हणजे आतली माहिती पाठवणारे छोटे प्रोग्राम, टाकले, कारण टाकायला काय लागते? पंधरा दिवस सगळे छान चालले. संचालकांना मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा दाखवला गेला, प्रत्येक शाखेची हिरवी टिकली. सगळे खूश.

दुसऱ्या महिन्यात आलेखांमध्ये फटी दिसायला लागल्या. पान उघडायला अर्धा-अर्धा मिनिट. मग एका पहाटे तीनच्या सुमारास ॲडमिनच्या फोनवर लागोपाठ २६ मेसेज येऊन पडले: सगळ्या शाखा बंद. तो धावत कार्यालयात गेला तर एकही शाखा बंद नव्हती. हे त्या महिन्यात तीनदा झाले. त्यानंतर त्याने रात्री फोन सायलेंटवर ठेवायला सुरुवात केली. मी त्याला दोष देत नाही, मीही तेच केले असते.

आणि मग एका सकाळी साडेसातच्या आसपास सर्व्हर रूमचा यूपीएस खरोखरच बसला. मॉनिटरिंगकडून एकही मेसेज नाही, कारण मॉनिटरिंगचे मशीन त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर होते. सव्वानऊला पहिला शाखाधिकारी फोन करून म्हणाला, "सिस्टीम उघडत नाहीये," तेव्हा मुख्य कार्यालयाला कळले.

बैठकीत निष्कर्ष निघाला तो असा: मशीन जुने आहे, मोठे घ्या. पुरवठादाराने विचारले, किती उपकरणे? तीनशेच्या वर, असे उत्तर गेले. त्यावरून ते कोटेशन बनले होते.

उपकरणे मोजून काही कळत नाही

माझा पहिला आक्षेप त्या प्रश्नालाच होता. 'उपकरणे किती' हा मॉनिटरिंगच्या मशीनसाठी जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे. एका पीसीला फक्त पिंग करायचे, म्हणजे चालू आहे का एवढेच विचारायचे, तर तीन आयटम, म्हणजे मोजायच्या तीन गोष्टी; त्याच पीसीला विंडोजचे पूर्ण टेम्प्लेट लावले, प्रत्येक सर्व्हिस शोधून नोंदवायला सांगितली, तर शंभराच्या वर. चोवीस पोर्टचा स्विच म्हटला तर एक उपकरण. पण प्रत्येक पोर्टचे आत-बाहेर किती बाइट, किती चुका, किती टाकून दिलेली पॅकेट, चालू की बंद, वेग किती, असे आठ-नऊ आयटम धरले की तोच स्विच दोनशेच्या पुढे जातो.

झॅबिक्समध्ये कामाचा आकडा एकच: सेकंदाला किती नवी मूल्ये येतात. एकूण आयटम भागिले सरासरी किती सेकंदांनी विचारायचे. हा आकडा झॅबिक्स स्वतःच आपल्या माहितीच्या चौकटीत दाखवते. ॲडमिनने तो बघितला नव्हता असे नाही, पण त्याचा डिस्कशी काय संबंध ते कोणी त्याला सांगितले नव्हते.

आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. शाखांचे स्विच: २६ गुणिले २२०, म्हणजे ५,७२०. मुख्य कार्यालयातले सहा मोठे स्विच: २,७००. राउटर: १,४०० च्या आसपास. सर्व्हर: ४,४००. शाखांचे यूपीएस: ३९०. आणि पीसी: २१० गुणिले १२०, म्हणजे २५,२००. बेरीज सुमारे ४० हजार. बहुतेक सगळे मिनिटाला एकदा विचारले जात होते. ३९,८१० भागिले ६०, सेकंदाला साधारण ६६३ मूल्ये.

या आकड्याकडे पाहून ॲडमिन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, यातले साठ टक्के तर पीसीच खातायत. आणि पीसीचा सीपीयू किती चालला ते मी आजपर्यंत एकदाही उघडून बघितलेले नाही."

झॅबिक्सच्या दस्तऐवजात जागेचा साधा हिशेब दिलेला आहे: इतिहासातले एक आकडी मूल्य सुमारे ९० बाइट धरायचे. सेकंदाला ६६३ मूल्ये म्हणजे दिवसाला ५ कोटी ७३ लाख ओळी, म्हणजे रोज सव्वापाच जीबीच्या आसपास. इतिहास ९० दिवस ठेवायचा असे ठरवले होते, त्याचे झाले ४६० जीबीहून जास्त. डिस्क दोन टीबीची होती, तेव्हा जागा संपलेली नव्हती. म्हणूनच कोणाला डिस्कचा संशय आला नाही. डिस्क भरली की सगळ्यांना कळते, डिस्क दमली तर कोणालाच कळत नाही.

दमलेली डिस्क

इथे थोडा वेळ थांबावे लागेल, कारण संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

७२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. डोके योग्य पट्टीवर सरकायला आणखी आठ-नऊ. एका विखुरलेल्या कामाला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर ७५ ते ८० कामे. ही त्या धातूच्या तबकडीची मर्यादा आहे. मशीनमध्ये आठ कोअर असोत की ऐंशी, तबकडी तेवढ्याच वेगाने फिरते. दोन डिस्क जोडल्या म्हणून लिहिण्याचा वेग वाढत नाही, कारण तेच दोन्हीकडे लिहायचे असते.

तरीही सेकंदाला ६६० मूल्ये महिनाभर कशी गेली? कारण झॅबिक्स एकेक मूल्य लिहीत नाही. ते आधी मेमरीतल्या कॅशमध्ये गोळा करते आणि शेकड्यांनी एकत्र उतरवते. त्याला हिस्टरी सिंकर म्हणतात. लिहिण्याची नोंदवही, म्हणजे डेटाबेसचा लॉग, सलग लिहिला जातो आणि सलग लिहिणे फिरत्या डिस्कलाही जड नसते. अडचण टेबलाची आहे. मायएसक्यूएलमध्ये डेटा १६ केबीच्या पानांत राहतो आणि इतिहासाची मांडणी आयटमनुसार असते. ४० हजार आयटम म्हणजे दर मिनिटाला ४० हजार वेगवेगळ्या पानांत एकेक ओळ घुसवायची. ४० हजार गुणिले १६ केबी म्हणजे साडेसहाशे एमबी 'गरम' पाने. ती सगळी मेमरीत मावली तर ठीक, नाही मावली तर प्रत्येक ओळीसाठी आधी पान डिस्कवरून आणा, बदला, परत ठेवा.

मी विचारले, बफर पूल (डेटाबेसची पाने ठेवायची मेमरी) किती दिलाय? त्याने फाइल उघडून दाखवली. काहीच दिलेले नव्हते. मायएसक्यूएलचे मूळ मूल्य १२८ एमबी असते. मशीनमध्ये १६ जीबी रॅम, आणि डेटाबेसला त्यातली १२८ एमबी! घरात मोठे कोठार असून धान्य वाटीत ठेवल्यासारखे. (खरे तर एवढ्यावरच मी कोटेशन परत पाठवू शकलो असतो, पण पुढे आणखी होते.)

लिहिण्यापेक्षा वाईट प्रकार पुसण्याचा. झॅबिक्सचा हाउसकीपर दर तासाला उठतो आणि मुदत संपलेल्या ओळी पुसायला घेतो. इथे मुदत ९० दिवसांची, पण ॲडमिनने फटी दिसायला लागल्यावर घाबरून ती ३० दिवसांवर आणली होती, आणि त्यामुळे एकदम कोट्यवधी ओळी पुसण्याच्या लायक झाल्या. महिन्यापूर्वीच्या ओळी मेमरीत कशाला असतील? प्रत्येक पान डिस्कवरून उचलायचे, त्यातल्या ओळी खोडायच्या, परत लिहायचे. औषधच रोगापेक्षा भारी.

पहाटे दोनला या सगळ्याच्या जोडीला डेटाबेसचा बॅकअप सुरू व्हायचा, त्याच डिस्कवरून वाचून त्याच डिस्कवर लिहिणारा. हाउसकीपर पुसतोय, बॅकअप वाचतोय, सिंकरला लिहायला वेळ मिळत नाही. कॅश भरते. कॅश भरली की झॅबिक्स नवी मूल्ये घेणे थांबवते. आणि शाखांच्या ट्रिगरमध्ये, म्हणजे इशारा देण्याच्या नियमात, अट होती, 'पाच मिनिटे काहीच आकडा आला नाही तर शाखा बंद समज'. झाले. एका डिस्कच्या खोकल्याने २६ शाखा बंद झाल्या.

मी शनिवारी रात्री मशीनवर आयओस्टॅट, म्हणजे डिस्क किती व्यस्त आहे ते दाखवणारा प्रोग्राम, चालवून बसलो. तीनच्या थोडे आधी डिस्कच्या व्यस्ततेचा आकडा शंभरला जाऊन चिकटला आणि तिथून हलेना. प्रोसेसर तेव्हा जवळपास रिकामा होता, फक्त डिस्कची वाट पाहत बसलेला.

आता कोटेशनकडे या. दहा हजार आरपीएमच्या डिस्कला एका विखुरलेल्या कामाला साधारण सात मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १४० कामे. सहा डिस्क: ८४०. पण रेड-५ मध्ये एक लहान तुकडा लिहायचा म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एक डिस्क गेली तर डेटा परत बनवायची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामे. ८४० भागिले चार, २१०. बॅटरीवाल्या कंट्रोलरची कॅश यात बरीच मदत करते हे खरे, पण सतत चालणाऱ्या लिखाणात ती भरते आणि शेवटी डिस्कचाच वेग उरतो. म्हणजे ३२ कोअर आणि १२८ जीबीच्या त्या दिमाखदार मशीनची नेमकी दुखरी जागा जुन्या टॉवरच्या अडीच-तीनपट सुधारली असती, बस. उलट सर्व्हरसाठी बनवलेल्या साध्या सॅटा एसएसडीच्या, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कच्या, जोडीला विखुरलेली लिखाणे सेकंदाला दहा-वीस हजारांच्या घरात जमतात. आणि ती जोडी त्या सहा डिस्कांपेक्षा स्वस्त पडत होती.

पुरवठादार वाईट माणूस नव्हता. त्याला कोअर बँकिंगचे सर्व्हर विकायची सवय, त्याच साच्यातून त्याने हे काढले.

आधी आहार कमी

नवे मशीन ठरवण्याआधी आम्ही आयटमांची यादी कापली. हा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फायद्याचा. पीसींवरचे एजंट बंद. प्रत्येकाला पाच मिनिटांनी एक पिंग, तीन आयटम. शाखांच्या स्विचच्या पोर्टचे फक्त चालू-बंद, तेही पाच मिनिटांनी. वर जाणाऱ्या दोन पोर्टचे मात्र सगळे, दर मिनिटाला. मुख्य कार्यालयाच्या स्विचवर आत, बाहेर आणि चुका, तीन मिनिटांनी. सर्व्हरच्या यादीत विंडोजच्या कोणी न विचारलेल्या सर्व्हिस होत्या, त्या उडवल्या. सर्व्हरमागे १२० उरले. व्हीसॅटच्या दोन शाखांना सगळेच पाच मिनिटांवर नेले: भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली म्हणजे १ लाख ४४ हजार किलोमीटर, प्रकाशालाच त्याला अर्धा सेकंद लागतो. अशा लाइनवर शेकडो प्रश्न एकेक करून विचारणे हा छळ आहे, लाइनचाही आणि विचारणाऱ्याचाही.

विभागप्रमुखांना पीसींचे एजंट काढणे रुचले नाही. "मग आधी कशाला टाकले होते?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. त्याचे उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हते.

नवी बेरीज: सुमारे ६,५०० आयटम, सेकंदाला ८२ मूल्ये. आठ पटींनी कमी, आणि रुपया खर्च न करता. इतिहास ३० दिवस: रोज ६४० एमबीच्या हिशेबाने १९ जीबी. तासातासाचा सारांश, ज्याला ट्रेंड म्हणतात, तो तीन वर्षे: ६,५०० आयटम गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस गुणिले ९० बाइट, म्हणजे वर्षाला पाच जीबी, तीन वर्षांचे पंधरा. इव्हेंट वगैरे किरकोळ. चाळीस जीबीच्या आत. इंडेक्स, फुगवटा, पुढच्या चार-पाच शाखा असे धरून मी तिप्पट केले, तरी १२० जीबी.

१८० दिवसांचा गोंधळ

अनुपालन बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी मध्येच एक फाइल पुढे केली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, मग मॉनिटरिंगचा इतिहास ३० दिवस कसा? कोटेशनमधल्या मोठ्या डिस्कांचे एक कारण हेच होते. जुन्या ६६३ च्या वेगाने १८० दिवसांचा इतिहास ९२८ जीबी झाला असता.

आम्ही निर्देश पुन्हा वाचले. त्यात संगणक प्रणालींचे लॉग जपायला सांगितले आहे: कोण आत आले, काय बदलले, फायरवॉलने काय अडवले. त्या सर्व्हरचा प्रोसेसर दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी ४१ टक्के चालला होता हा त्या अर्थाने लॉग नव्हे, अशी माझी समजूत, आणि तीच मी लेखी दिली. लॉगसाठी बँकेकडे वेगळा सिसलॉग सर्व्हर होता, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलेल्या सायबर सुरक्षा चौकटीनंतर घेतलेला. तिथे मोठ्या, स्वस्त, फिरत्या डिस्क होत्या, आणि त्या तिथे अगदी योग्य होत्या, कारण लॉग सलग लिहिले जातात आणि क्वचितच वाचले जातात. तोच ७२०० आरपीएमचा फिरता चकता एका कामाला उत्तम आणि दुसऱ्याला विष. अधिकाऱ्यांनी शेवटी एक मध्यम मार्ग काढला: झॅबिक्सचे स्वतःचे ऑडिट लॉग, म्हणजे कोणी कोणता ट्रिगर बंद केला वगैरे, ते १८० दिवस. ते नगण्य जागा घेतात. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला.

त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला सांगितले आहे. ते केल्यावर एक अनपेक्षित फायदा झाला. झॅबिक्सचा आलेख आणि सिसलॉगची नोंद मिनिटाला मिनिट जुळू लागली. आधी त्यांत चार मिनिटांचा फरक होता, म्हणून कोण आधी पडले ते कधीच कळत नव्हते.

मशीन, शेवटी

प्रोसेसरबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. चार कोअर पुरतात. एखादी लाइन गेली की झॅबिक्सचे पोलर, म्हणजे उपकरणांना प्रश्न विचारणारे भाग, उत्तराची वाट पाहत अडकतात, आणि लोक म्हणतात सर्व्हर कमी पडतोय. तो वाट पाहतोय, काम करत नाहीये. त्याला उपाय जास्त पोलर, जास्त कोअर नव्हेत. २०२४ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत एसएनएमपीचे (स्विच-राउटरना प्रश्न विचारायच्या पद्धतीचे) पोलर एकाच वेळी शेकडो प्रश्न हवेत सोडून ठेवू शकतात, त्यामुळे हाही त्रास कमी झाला आहे. आम्ही तीच आवृत्ती घेतली.

रॅम ३२ जीबी, ईसीसी, म्हणजे बारीक चुका स्वतःच दुरुस्त करणारी. गरम पाने आता १०० एमबीच्या घरात, म्हणजे १६ जीबीही भरपूर झाली असती. पण इतिहासाचा बराचसा भाग मेमरीतच राहावा म्हणून बफर पूलला १६ जीबी दिले आणि उरलेले वेबला व ऑपरेटिंग सिस्टीमला.

डिस्कवर मात्र मी हट्ट धरला. ॲडमिनने बाजारातून मिळणाऱ्या साध्या एसएसडी सुचवल्या होत्या, किंमत निम्म्याहून कमी. दोन कारणांनी नको म्हटले. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर 'खरेच लिहिलेस ना?' असे विचारतो. सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असतात, म्हणून त्या लगेच 'हो' म्हणू शकतात. घरगुती एसएसडीला खरोखर लिहून होईपर्यंत थांबावे लागते आणि तिचा जाहिरातीतला वेग तिथेच गळतो. दुसरे कारण झिजेचे. सेकंदाला ८२ मूल्ये, वाईटात वाईट धरून प्रत्येकासाठी एक १६ केबीचे पान, आणि मायएसक्यूएल सुरक्षेसाठी ते दोनदा लिहिते: दिवसाला २३० जीबी. प्रत्यक्षात पाने मेमरीत साचून एकदम उतरतात, तेव्हा आकडा यापेक्षा खूप कमी येतो. पण वरची मर्यादा म्हणून हा ठीक. ३०० टीबी लिखाणाची हमी असलेली साधी एसएसडी या वेगाने साडेतीन वर्षांत हमी संपवेल. रोज एकदा पूर्ण लिहिता येईल अशी पाच वर्षांची हमी असलेली ४८० जीबीची सर्व्हर एसएसडी ८७६ टीबी सोसते, म्हणजे दहा वर्षे. बँकेत मशीन दहा वर्षे वापरतातच, हे कपाटाशेजारच्या टॉवरने सिद्ध केले होते.

हाउसकीपरचे इतिहासाचे काम बंद केले आणि टेबल दिवसवार विभागले. महिन्यापूर्वीचा दिवस आता ओळ-ओळ पुसला जात नाही, पूर्ण विभागच टाकून दिला जातो. कोट्यवधी ओळी, एका क्षणात. हे जुन्या मशीनवरही करता आले असते आणि कदाचित ते त्यावर वर्षभर चालले असते. तसे मी विभागप्रमुखांना सांगितले. ते म्हणाले, "आता मंजुरी घेतलीय तर घेऊनच टाकू." प्रामाणिकपणे, त्यांचे बरोबर होते, त्या डिस्कांचे वय झाले होते.

उरला प्रश्न जागेचा. व्हर्च्युअल मशीन का नको, असे दोघा-तिघांनी विचारले. बँकेचे व्हर्च्युअल सर्व्हर ज्या मशीनच्या गटावर चालतात त्या क्लस्टरमध्ये जागा होती. पण ज्या क्लस्टरवर नजर ठेवायची त्याच्याच पोटात नजर ठेवणारा बसवला की यूपीएसच्या सकाळची पुनरावृत्ती ठरलेली. शिवाय आम्हाला मेसेजसाठी जीएसएम मॉडेम थेट मशीनला जोडायचा होता. झॅबिक्स सिरियल मॉडेमवरून एसएमएस पाठवू शकते, आणि इंटरनेट गेल्याची बातमी इंटरनेटवरूनच पाठवण्यात अर्थ नाही. म्हणून एका प्रोसेसरचा छोटा टॉवर सर्व्हर, गावातल्याच दुसऱ्या टोकाच्या शाखेत, तिथल्या वेगळ्या यूपीएसवर. मुख्य कार्यालयाच्या रॅकमध्ये त्याचा हस्तक: बिनपंख्याचा छोटा पीसी, एसएसडीवाला, त्यावर झॅबिक्स प्रॉक्सी. तो तिथल्या सर्व्हरचे आकडे गोळा करून पुढे पाठवतो. मधली लाइन तुटली तर प्रॉक्सी मूळ सेटिंगने फक्त एक तासाचा डेटा जपतो. आम्ही ते ७२ तास केले, म्हणजे जोडून आलेल्या सुट्ट्याही निभावतील.

ॲडमिनची इच्छा होती की प्रॉक्सीसाठी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक वापरावा. त्याच्याकडे एक होता, घरून आणलेला. एसडी कार्डावर सतत लिहिणारा डेटाबेस ठेवणे म्हणजे पाटीवर खडूने जमाखर्च लिहिणे. कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. पण ॲडमिन हिरमुसू नये म्हणून रास्पबेरी पाय नकाशाच्या पडद्यामागे लावला. तिथे त्याला फक्त ब्राउझर उघडा ठेवायचा आहे, आणि ते तो मजेत करतो.

सगळे मिळून खर्च मूळ कोटेशनच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आला. मंडळात एका ज्येष्ठ संचालकांनी शंका काढली की एवढे स्वस्त म्हणजे कमी दर्जाचे तर नाही? विभागप्रमुखांनी त्यांना ८२ आणि ६६३ हे दोन आकडे दाखवले. त्यांना ते कितपत समजले ते माहीत नाही, पण ते मालाचे ठोक व्यापारी. "म्हणजे गोदाम मोठे करण्यापेक्षा मालच कमी मागवला," एवढे म्हणून त्यांनी सही केली.

चाचणी दुसऱ्या शनिवारी घेतली, बँक बंद असताना. सर्व्हर रूमची मुख्य फीड खाली केली. यूपीएस बॅटरीवर गेल्याचा एसएमएस मिनिटाच्या आत आला. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आल्याचा दुसरा. मग प्रॉक्सीच बंद केला: गावाच्या दुसऱ्या टोकाहून 'मुख्य कार्यालयाकडून तीन मिनिटे निरोप नाही' असा एकच मेसेज, तीनशे नव्हे, कारण बाकी सगळ्यांचे अवलंबन आता प्रॉक्सीवर बांधले होते. पहाटे तीनला मी पुन्हा आयओस्टॅट लावून बसलो, बॅकअप चालू असताना. डिस्कच्या व्यस्ततेचा आकडा एक अंकीच राहिला. मी झोपायला गेलो.

पाच महिने सगळे शांत होते. सहाव्या महिन्यात एका शाखेची लाइन दुपारभर गेली आणि एसएमएस आला नाही. नव्या सर्व्हरवर आलेख चोख, ट्रिगर चोख, मॉडेमचे दिवे चालू. दोन तास शोधाशोध केल्यावर सापडले: सिमचा रिचार्ज संपला होता. तो कोणाच्याच यादीत नव्हता. आता रोज सकाळी नऊला झॅबिक्स ॲडमिनला आणि विभागप्रमुखांना एक रिकामा एसएमएस पाठवते. त्यात फक्त तारीख असते. सव्वानऊपर्यंत तो आला नाही तर विभागप्रमुख चहाआधी ॲडमिनला फोन करतात.